दहावा हात

ब्रिजमध्ये तीन नो-ट्रम्पची, म्हणजे बिनहुकमी डावाची, बोली लावली की तेरापैकी नऊ हात करायचे. आपण व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) नसलो तर त्याचे ४०० गुण. दहावा हात केला तर वर ३०. या ३० गुणांपायी मी जेवढे अपमान गिळलेत, तेवढे कर्ज बुडवणाऱ्यानेही गिळले नसतील.

दुखणं जडलं जोड्यांच्या स्पर्धांमध्ये. तिथे तेच पत्ते प्रत्येक टेबलावर फिरतात. सगळ्यांचे ४०० आणि तुमचे ४३० असले की त्या डावात तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावर! तिथे हावरटपणाला कौशल्य म्हणतात. सांघिक सामन्यात मात्र दोन टेबलांवरच्या गुणांतला फरक इम्प नावाच्या एककात मोजतात, आणि त्या ३० गुणांचा मिळतो एक इम्प. फक्त एक. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा वर जिंकलेला हातही गेमसाठी, म्हणजे बक्षिसाच्या टप्प्यासाठी, धरत. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर नवी गुणपद्धत काढली: जेवढं बोललात तेवढंच गेमसाठी, वरची नुसती चिल्लर. हे सगळं मी नवशिक्यांना फार छान समजावून सांगतो.

तर परवाचा सांघिक सामना. खेळणारा मी. डावीकडून बदामाची उतारी झाली, भिडूने, म्हणजे डमीने, पत्ते उघडे मांडले. मी मोजले. इस्पिकचे एक्का-राजा, बदामचा एक्का, चौकटचा एक्का, किलवरचे पाच. झाले नऊ! शहाणा माणूस इथे पत्ते टाकून चहाला जातो. पण डमीत चौकटच्या एक्क्याला लागून राणी बसली होती. राजा डावीकडे असला तर राणी चालणार, दहावा हात! आणि उजवीकडे निघाला तर? तर बाहेरचे आठ बदाम दोघांत चार-चार असतील, ते राजा आणि तीन बदाम घेतील, माझे नऊ कुठे जात नाहीत. आठ पत्ते चार-चार वाटले जाण्याची शक्यता ३३ टक्के आणि पाच-तीनची ४७, हेही मी नवशिक्यांना सांगतो.

बदामचा एक्का मारला, हातातून चौकटची तिर्री टाकली आणि म्हणालो, "राणी."

डाव चालू असताना डमीने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. भिडूचा हात आधीच एक्क्यावर जाऊन थांबला होता. तो तिथेच राहिला. मग भिडूने माझ्याकडे पाहिलं, गरम तव्यावरचं काही उचलावं तशी दोन बोटांनी राणी उचलली आणि पुढे ठेवली.

उजवीकडून राजा पडला. पाठोपाठ बदाम आला, आणि डावीकडच्या गृहस्थांनी एक, दोन, तीन... आणि चौथा. तो चौथा बदाम त्यांनी जरा हळूच ठेवला. सभ्य माणूस.

एक हात कमी पडला. भिडूने उणे ५० लिहिलं. हस्ताक्षर नेहमीपेक्षा सुंदर.

सामना संपल्यावर दुसऱ्या टेबलावर तेच पत्ते उलट बाजूने खेळलेली आमची दुसरी जोडी आली. "उणे ४००," ते ओशाळून म्हणाले, "समोरच्यांना नऊ हात अगदी सरळ होते हो, काहीच करता आलं नाही." म्हणजे दोन्ही मिळून उणे ४५०, दहा इम्प गेले.

"तुमचं इथे काय झालं? राजा बाहेर होता?"

नियम आता संपला होता, भिडूला बोलायला मोकळीक होती. तो शांतपणे म्हणाला, "यांना दहावा हवा होता."

सामना आम्ही सात इम्पांनी हरलो.