व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर जिममध्ये दुखलं, म्हणजे ऑपरेशन फसलं?

नागपुरातल्या जिममध्ये हल्ली छातीठोकपणे सांगतात: व्हेरिकोसीलच्या (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या नसांच्या) ऑपरेशननंतर व्यायामात अंडकोष दुखला तर ऑपरेशन फसलं, वजन उचलणं आता कायमचं बंद. हे चूक आहे.

श्वास रोखून डेडलिफ्ट मारली की पोटातला दाब वाढतो, तो ताज्या टाक्यांवर आणि सुजलेल्या भागावर येतो. म्हणून फुटाळा तलावावर सावकाश फिरणं काही दिवसांतच चालतं, जड वजन मात्र साधारण 4 आठवडे नको. नेमकी मुदत सर्जनलाच विचारा. मग निम्म्या वजनाने सुरुवात, उचलताना श्वास सोडायचा, आत अंडकोषाला आधार देणारा सपोर्टर.

3 महिन्यांनीही दुखतंय? उभं राहून डॉपलर सोनोग्राफी (नसांमधला रक्तप्रवाह दाखवणारी) करा. नस पुन्हा फुगली की अंडकोषाभोवती पाणी साचलं, ते कळतं.

एकाएकी असह्य कळ, मळमळ, अंडकोष वर ओढलेला? तडक मेडिकलची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाची) कॅज्युअल्टी गाठा. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला पहिले 6 तास सर्वात मोलाचे असतात.