दगडातली बिऱ्हाडं

माझ्या टाकीत तीन मासे आहेत. म्हणजे मी सोडले ते तीन. बाकी जी प्रजा तिथे नांदते आहे तिला मी बोलावलेलं नाही, पण तिचं खाणंपिणं माझ्याच खिशातून चालतं.

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात आणायचं ठरवलं तेव्हा माझी कल्पना अशी होती की काचेची पेटी, त्यात खारं पाणी, त्यात मासे, संपलं. नंतर कळलं की मासे सगळ्यांत शेवटी येतात. आधी दगड येतो. तोही साधा नाही, ‘लाइव्ह रॉक’. आईला म्हटलं, “हा जिवंत दगड आहे.” तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली.

हा दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा. स्पंजासारखा भोकाभोकांचा. त्या भोकांत जिवाणू राहतात, आणि माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा पार आतल्या पोकळीत तर त्या नायट्रेटचाही नायट्रोजन वायू होऊन तो बुडबुड्यागत निघून जातो. थोडक्यात, टाकीचा सगळा सफाई विभाग दगडाच्या पोटात. एवढ्या सेवेच्या बदल्यात जिवाणूंना ओसरी द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. पण भटाला दिली ओसरी तर भट हातपाय पसरी, एवढंच आपण ऐकलेलं असतं. इथे भटामागून त्याचे साडू, मेहुणे आणि त्यांच्या ओळखीचेही आले.

या मंडळींना इंग्रजीत हिचहायकर म्हणतात. रस्त्याकडेला अंगठा दाखवून परक्याच्या गाडीत बसणारे. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा आहे, आणि यांना तो जास्त शोभतो. फुकट बसतात, आणि उतरा म्हटलं की अंगठा दाखवतात.

तिसऱ्या आठवड्यात दगडाच्या कडेला एक फूल उमललं. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी काचेचं केल्यासारखं, लांब निमुळत्या पाकळ्या पाण्याबरोबर डुलतायत. घरात आनंदीआनंद. लेकीने त्याचं नाव राणी ठेवलं. एवढं सुंदर समुद्रफूल फुकटात आलं म्हणून मी फोटो काढून एका मित्राला पाठवला. हा मित्र पंधरा वर्षं रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची टाकी, सांभाळतो आणि कुणाच्याही आनंदात सहसा सहभागी होत नाही. त्याचं उत्तर आलं, “ऐप्टेशिया. हात लावू नकोस.”

मी हात लावला नाही. ब्लेड लावलं.

ब्लेड जवळ जाताच राणी पापणी लवायच्या आत भोकात गडप झाली. मी भोकाच्या तोंडाशी खरवडून काढलं, तुकडे पाण्यात तरंगले, मी समाधानाने हात पुसले. पंधरा दिवसांनी टाकीत अकरा राण्या. मग मित्राने फोनवर शांतपणे समजावलं की ऐप्टेशियाच्या तळव्याचा कपचा जरी मागे राहिला तरी त्यातून नवं जनावर उभं राहतं. नुसतं दगडावरून सरकतानाही ते तळव्याचे बारीक तुकडे मागे टाकत जातं आणि त्या प्रत्येकाचं पिल्लू होतं. रक्तबीज राक्षसाची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. ती कल्पनेतून सुचली असेल असं मला आता वाटत नाही. वर त्याचा डंख आसपासची प्रवाळं भाजून काढतो, ती वेगळीच.

मग उपाय सुरू झाले. इंजेक्शनच्या सुईने लिंबाचा रस टोचून पाहिला. चार गेल्या, सहा आल्या. मग चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे त्याचं पाळण्यातलं नाव. घट्ट कालवायचा, पंप बंद करायचे आणि पिचकारीने अलगद, तिला संशय न येईल असा, थेट तोंडावर सोडायचा. आजवर अनेकांनी मला चुना लावला आहे. मी कुणाला लावण्याची ही पहिलीच खेप, त्यामुळे जरा हात सुटला. एका दिवशी दोन-तीनच्या वर लावायचा नसतो, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो, हे मी नऊ लावून झाल्यावर वाचलं. मासे दिवसभर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

त्यानंतर ऐप्टेशिया खाते अशी ख्याती असलेली पेपरमिंट श्रिंप आणली, तीन नग. लाल रेघांची नाजूक कोळंबी. तिघींनी पहिल्याच दिवशी माशांचा चारा कुठे पडतो ते हेरलं आणि तिथे ठाण मांडलं. ऐप्टेशियांच्या अंगावरून त्या जा-ये करत, शेजारणी जशा जिन्यात एकमेकींना वाट देतात तशा.

एव्हाना मला रात्री उठून टाकी तपासायची सवय लागली होती. पांढरा उजेड पडला की सगळे पळतात, लाल उजेड बहुतेकांना दिसत नाही, म्हणून टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला. रात्री दीडच्या सुमाराला, लुंगीत, काचेला नाक लावून मी उभा होतो तेव्हा मागून आवाज आला, “अहो, काय करताय?”

“मोजतोय.”

“काय?”

हा प्रश्न सोपा नव्हता. वाळूवर पिसवांएवढे पारदर्शक कोपेपॉड टुणटुण उड्या मारत होते. ते चांगले, माशांचं आयतं खाणं. काचेवर नखाएवढे पाच-सहा तारामासे, एकाचेही पाय सारख्या लांबीचे नाहीत, कारण ही अ‍ॅस्टेरिना नावाची जात मधोमध दुभंगूनच वाढते. चपट्या शिंपलीची एक गोगलगाय होती, जी पकडली तर पालीसारखी शेपटी टाकून पळते. आणि एका मेलेल्या शंखाच्या तोंडातून वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेला किडा अर्धा बाहेर आला होता.

खुनी रंगेहाथ सापडला होता. मी हात घातला आणि त्याला पकडलं. मग मात्र त्याने मला पकडलं म्हणायला हवं. ब्रिसलवर्मची ती झालर म्हणजे ठिसूळ कुसळं असतात. बोटात शिरून तिथेच मोडतात, दिसत नाहीत, आणि काचेच्या लोकरीत हात घातल्यासारखी आग होते. चिकटपट्टी लावून ओढायची, मग व्हिनेगर. बायकोने रात्री दोन वाजता माझ्या पाच बोटांना चिकटपट्ट्या लावल्या आणि एकेक ओढताना, मला वाटतं, गरजेपेक्षा जरा जास्तच जोर लावला.

सकाळी मित्र म्हणाला, “तो खुनी नाही रे. पंचनाम्याला आलेला होता.” हे किडे मेलेलं आणि उरलेलं खातात. प्रवाळं कुरतडणारा फायरवर्म हा वेगळा, आणि तो टाकीत क्वचितच सापडतो. म्हणजे मी रात्रपाळीच्या सफाई कामगारावर हात टाकला होता, आणि त्याने जे केलं ते त्याच्या जागी कुणीही केलं असतं.

याच सुमारास ‘टक्’ सुरू झालं.

दिवाणखान्यात रात्री कुणीतरी काचेवर नाणं आपटावं तसा आवाज. टक्. मग अर्धा तास काही नाही. आपण झोपेच्या काठाशी पोचलो की पुन्हा, टक्. मित्राला कळवलं, तर त्याच्या बोलण्यात प्रथमच उत्साह आला. “मॅन्टिस असणार!”

मॅन्टिस श्रिंप. नावात श्रिंप आहे, पण ती कोळंबी नव्हे. पुढचे पाय गदेसारखे, आणि त्यांतल्या मोरपंखी जातीचा फटका सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत वेगाने बसतो, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास, तोही पाण्यात. शंख फुटतात, खेकडे फुटतात. मी टाकीच्या काचेची जाडी मोजून पाहिली आणि सोफा तीन फूट मागे घेतला.

घरातल्यांचे सल्ले आले. त्यांतला आईचा सरळ होता, “दगड काढ आणि उकळ.” हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो, हे कधीही करू नये. लाइव्ह रॉकवर झोअँथिड नावाचे, प्रवाळांच्या नात्यातले बटणांसारखे जीव वाढलेले असतात आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ साली ते वेगळं काढलं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. दगड उकळला की ते वाफेबरोबर श्वासात जातं. असं करून अख्खी कुटुंबं इस्पितळात पोचलेली आहेत. हे सगळं आईला सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, “आणि ही वस्तू तू पोर असलेल्या घरात आणलीस?” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. हातमोजे मात्र त्या दिवसापासून घालतो.

सापळे लावले. बाटलीचा गळा कापून उलटा आत बसवला, आत कोळंबीचा तुकडा. सकाळी आत चार ब्रिसलवर्म, चांगले टम्म. मग काचेचा पेला दगडाला तिरका टेकवून ठेवला. काचेवरून घसरून आत पडलेल्याला पाय रोवता येत नाहीत. तिसऱ्या रात्री आत एक खेकडा. अंगभर केस, नांग्यांची टोकं काळी. पुस्तकी नियम असा की केसाळ आणि काळ्या नांगीचा खेकडा नको. मी त्याला संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या पाण्याच्या पेटीत, जन्मठेप दिली, बायकोला उठवून विजयाची बातमी दिली आणि आडवा झालो.

टक्.

चोर सोडून संन्याशाला फाशी. अगदी संन्याशीच होता असं नाही. त्याच्यामागे एका प्रवाळाच्या कुरतडलेल्या कडा सापडल्या. पण टक् त्याचा नव्हता.

त्या काळात मी रात्री जे वाचू नये तेच वाचत होतो. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात २००९ साली प्रवाळं रात्रीतून कापली जाऊ लागली, मासे जखमी होऊ लागले. सापळे लावले तर ते उद्ध्वस्त होत. शेवटी कर्मचाऱ्यांनी सगळा देखावा दगड दगड सुटा केला, तेव्हा चार फुटांचा समुद्री किडा निघाला. कधीतरी दगडातून पोरवयात आत आला असावा आणि तिथेच लहानाचा मोठा झाला. त्याचं नाव त्यांनी बॅरी ठेवलं. हे वाचल्यावर मी पंधरा दिवस टाकीत कोपरापर्यंत हात घातला नाही. मासेही, मला वाटतं, जरा दुरावले.

अखेर मित्र स्वतः आला. बादलीवर एकेक दगड धरायचा आणि प्रत्येक भोकात पिचकारीने साधा सोडावॉटर मारायचा. कार्बन डायऑक्साइडने आतल्याचा जीव घुसमटतो आणि तो बाहेर येतो. पहिल्या दगडातून काही नाही. दुसऱ्यातून चार किडे आणि एक नाराज गोगलगाय. पाचव्या दगडाच्या बुडाशी पिचकारी मारली आणि बादलीत टपकन काहीतरी पडलं. मी दोन पावलं मागे. मित्र वाकून बघत राहिला आणि हसायला लागला.

पेरभर लांबीची, हिरवट-तपकिरी पिस्टल श्रिंप. एक नांगी नेहमीसारखी, दुसरी जवळजवळ अर्ध्या अंगाएवढी, जणू लहान पोराने वडिलांचा बूट हातात घातलाय. तीच मिटवून ती टक् करते. गंमत म्हणजे तो आवाज नांगी आपटल्याचा नसतोच. नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा हा आवाज. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात यांच्या वसाहतींच्या कडकडाटाने पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांची यंत्रं बहिरी होत. तिथे माझ्या झोपेची काय कथा!

“ठेव,” मित्र म्हणाला. “हिला दिसत नाही फारसं. गोबी मासा आणलास तर तो हिच्या बिळाच्या दाराशी पहारा देईल आणि ही सारखी एक मिशी त्याच्या अंगाला लावून बसेल.” तर टाकीत तिसरा मासा आला, तो हिच्या सोबतीला. टक् चालूच आहे. आता ऐकू आलं नाही तर बायको उठून बघते.

राहिल्या ऐप्टेशिया. त्यांची संख्या मी सत्तरनंतर मोजायची सोडली होती. मित्राने शेवटचा उपाय म्हणून सहा बर्घिया दिल्या. ही बिनशिंपलीची समुद्री गोगलगाय, जेमतेम दोन सेंटिमीटर, पाठभर राखाडी झुलपं. ती जगात एकच गोष्ट खाते, ऐप्टेशिया. नुसती खात नाही, तिच्या डंखाच्या पेशी न फोडता गिळते आणि स्वतःच्या झुलपांच्या टोकांत हत्यार म्हणून साठवते. दीड महिना त्या दिसल्याच नाहीत. मग काचेवर पांढऱ्या धाग्याच्या गुंडाळीसारखी अंडी दिसली. मग एका रात्री लाल उजेडात तिघी मिळून एका राणीला बुडख्याकडून संपवताना दिसल्या, आणि मी लेकीला झोपेतून उठवून ते दाखवलं. चौथ्या महिन्यात टाकीत एकही ऐप्टेशिया उरली नाही.

आणि वीस-बावीस बर्घिया उपाशी. त्या दुसरं काही खातच नाहीत. काचेवर एकेक निघायची, हळूहळू फिरायची, बारीक होत चाललेली. लेक रोज विचारायची, “बाबा, त्यांना आता काय द्यायचं?”

मी मित्राला फोन केला. “तुझ्याकडे ऐप्टेशिया असतील का रे?”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, “किती हव्यात?”

संध्याकाळी तो डब्यात पाणी घालून मुठीएवढा दगड घेऊन आला. वर सात राण्या, चांगल्या भरलेल्या. मी हातमोजे घातले, भिंग घेऊन दगड चारी बाजूंनी पाहिला, बुडाचं एकेक भोक पाहिलं. मग टाकीत सोडण्यापूर्वी तो कानाला लावला.