मशीनवर शून्य आलं, तरी स्टेअरिंग थरथरतंच का?

पावसाळा सरला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: स्टेअरिंग थरथरतं म्हणजे अलाइनमेंट गेलं, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या, मशीनवर शून्य आलं की चाकाचा विषय संपला, नायट्रोजन भरा म्हणजे पुन्हा त्रास नाही, एवढं करून थरथरलं तर टायर बदला. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या मेव्हण्याकडून. याच सल्ल्यापायी मी दोन वर्षांपूर्वी चार वेळा बॅलन्सिंगचे पैसे मोजलेत, म्हणून हा खटाटोप.

पहिलं वाक्यच चुकलंय. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेनं खाल्ला जातो. थरथर त्यानं थेट येत नाही. तशीच गाडी पळवत राहून टायर उंचसखल झिजला, तर तो पुढे आवाज करतो, थरथरतोही; पण तेव्हा कोन सुधारून गेलेलं रबर काही परत येत नाही.

बॅलन्स म्हणजे चाकाभोवती वजन सारखं असणं. त्याचं गणित वेगळं. छोट्या गाडीचं १४-१५ इंची चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. रिमच्या कडेला २० ग्रॅम वजन एकीकडे जास्त असेल, तर त्या वेगाला ते जवळपास ३ किलोच्या जोरानं चाकाला ओढतं. वेग निम्मा केला की जोर पावपट उरतो. म्हणून बॅलन्स गेलेली गाडी शहापूर-टिळकवाडीत गुणी बाळासारखी चालते आणि काकती मागे टाकून हायवेला ८०-१०० गाठलं की हातात थरथरते. तुमची गाडी ३० लाच हेलकावत असेल, तर रिमला शिसं, म्हणजे बॅलन्सची छोटी वजनं, मारून उपयोग नाही. रिम वाकलेली असेल किंवा टायरच्या आतले पट्टे सुटून फुगवटा आला असेल. फुगवटा दिसला तर हायवे सोडाच, हळूहळू टायरवाल्यापर्यंतच जा.

आता ते शून्य. माझे पैसे इथंच गेले. साधं बॅलन्सिंग मशीन एवढंच सांगतं की वजन चाकाभोवती सारखं पडलंय. चाक गोल आहे का, ते त्याला कळत नाही. लंबगोल चाकालाही शिसं लावून शून्यावर आणता येतं. रस्त्यावर ते उड्याच मारणार. माझं पुढचं डावं चाक चारही वेळा शून्य, आणि चारही वेळा निपाणी येईपर्यंत हाताला मुंग्या. शेवटी उद्यमबागेत लेथवर असणाऱ्या एका मित्रानं चाक जॅकवर उचललं, रिमला डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं काट्याचं यंत्र, टेकवला आणि हातानं सावकाश फिरवलं. "दीड मिलिमीटर आउट हाय की रे! एवढा आउट जॉब आमच्यात कोण घेतंय?" जांबोटीपुढे चोर्ल्याच्या रस्त्यावर आपटलेला एक खड्डा मला लगेच आठवला. स्टीलची रिम बदलली, टायर तोच ठेवला. थरथर गेली.

डायल नसला तरी चालतं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक उचला, रिमजवळ पट्टी स्थिर धरा आणि चाक फिरवा. मधली फट कमीजास्त होताना डोळ्याला दिसते.

शून्य खोटंही असू शकतं. शून्य आल्यावर टायरवाल्याला सांगा: चाक मशीनवरच सैल कर, अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळ, पुन्हा मोज. चार-पाच ग्रॅमचा फरक चालेल. १५-२० दाखवलं तर चाक शाफ्टवर मधोमध बसलंच नव्हतं. काही जण नाक मुरडतात, मुरडू द्या. मोजण्याआधी रिमच्या आतून वाळून बसलेला लाल चिखल खरवडायला लावा, आणि परत बसवताना हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागावरचा, गंज घासायला. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, तर मधली रिंग हवीच.

नायट्रोजनवर जास्त लिहिण्यासारखं नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. बॅलन्सशी त्याचा संबंध शून्य, आणि हे शून्य मात्र खरं.

राहिलं "टायर बदला". पैसे घालण्याआधी पुढची चाकं मागं टाकून बघा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात आहे. स्टेअरिंगमध्येच राहिली तर हब, डिस्क, बेअरिंग, बॉल जॉइंट तपासा. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की गायब, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट आधी बघायचा. आणि फक्त ब्रेक मारताना स्टेअरिंग हलत असेल, तर बहुतेक वेळा ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नसते.

मेव्हण्याला मी फोनवर एवढंच विचारलं, "नेमकी केव्हा थरथरते?"

"ब्रेक दाबल्यावरच, दाजी."

तोवर त्याचं बॅलन्सिंग दोनदा झालं होतं आणि नव्या टायरांचा ॲडव्हान्स देऊन झाला होता.