पिवळी वायर सगळ्या कन्सोलना चालत नाही

जुने गेम कन्सोल जमवणाऱ्यांत एक जुगाड हातोहात फिरतोय. भंगारातला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या, हिरवी वायर काळीला जोडून चालू करा आणि पिवळ्या वायरचे 12 व्होल्ट सगळ्या कन्सोलना वाटा. म्हणे, आत रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग) असतोच, काही होत नाही. पाच-सहा अडॅप्टरचं जंजाळ मलाही नको असतं आणि एसएमपीएस वापरायला माझी हरकत नाही. पण असं थेट जोडलं, तर तीस वर्षं जपलेलं मशीन हातचं जाईल.

"आत रेग्युलेटर आहे." आहे ना. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलमध्ये 7805 जातीचे दोन आहेत. पण 7805 हा 5 व्होल्ट पुढे देतो आणि त्यावरचं व्होल्टेज नुसतं उष्णता करून टाकतो. एकूण 1 अँपिअर धरा: मूळ अडॅप्टरसारखे 9 व्होल्ट दिले तर 4 वॅट उष्णता, 12 दिले तर 7 वॅट. पावणेदोन पट, आणि तीही पंखा नसलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात. मी एकदा झाकण काढून मेगा ड्राइव्ह 12 व्होल्टवर चालवला. अर्ध्या तासाने हीटसिंकला (रेग्युलेटर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला) बोट लावलं ते चटका बसून लगेच उचललं. गेम मात्र व्यवस्थित चालू होता, आणि लोक फसतात ते इथेच. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

यावर हमखास उत्तर येतं: "मूळ अडॅप्टरसुद्धा मीटरवर 13 व्होल्ट दाखवतो." दाखवतो, पण कन्सोल जोडलेला नसताना. त्या जड अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढंच असतं. कन्सोलचा लोड आला की व्होल्टेज 9 च्या आसपास उतरतं. एसएमपीएस लोडवरही 12 सोडत नाही.

"कन्सोल लागेल तेवढाच करंट ओढतो." धडधाकट कन्सोलपुरतं खरं. आत काही शॉर्ट झालं की 1.2 अँपिअरचा मूळ अडॅप्टर स्वतःच मान टाकतो. एसएमपीएसच्या 12 च्या लाइनला 15 अँपिअर म्हणजे रोजचं काम. तो चालूच राहतो आणि कन्सोलमध्ये खुपसायच्या पिनेकडे जाणारी बारीक वायर वितळते. म्हणून प्रत्येक फाट्यावर वेगळा 2 अँपिअरचा फ्यूज हवाच.

"12 आणि 5 च्या मध्ये जोडा, 7 व्होल्ट मिळतील." हा सगळ्यात घातक सल्ला. पंख्यासाठी ही युक्ती चालते, कारण पंखा दुसऱ्या कशाला जोडलेला नसतो. इथे मात्र कन्सोलचा ग्राउंड 5 व्होल्टवर जाऊन बसतो. दुसऱ्या कन्सोलचा ग्राउंड शून्यावर असतो, आणि एव्ही केबलची बाहेरची कडी दोघांना टीव्हीपाशी एकत्र आणते. म्हणजे 5 ची लाइन थेट व्हिडिओ केबलमधून शॉर्ट.

पिनेबद्दल तर कुणी बोलतच नाही. निन्टेंडोचे फॅमिकॉम, सुपर फॅमिकॉम आणि पहिला मेगा ड्राइव्ह यांना पिनेच्या आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह लागतं. बाजारात मिळणाऱ्या सीसीटीव्हीच्या तयार पिना नेमक्या उलट. दुसऱ्या मेगा ड्राइव्हला आत पॉझिटिव्ह आणि 10 व्होल्ट, पिनही निराळी. कमोडोर 64 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरला तर 5 व्होल्ट डीसीबरोबर 9 व्होल्ट एसी लागतात. एसएमपीएसमधून एसी निघत नाही, त्यामुळे त्याला या खटाटोपात घेऊच नका.

करायचंच असेल तर प्रत्येक कन्सोलला स्वतःचा बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड), स्वतःचा फ्यूज, स्वतःची पिन आणि वायरवर नावाची चिठ्ठी. 3 अँपिअरचे बक कन्व्हर्टर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. त्याचा स्क्रू फिरवून आधी त्या कन्सोलचं व्होल्टेज (पहिल्या मेगा ड्राइव्हला 9) बसवा, मगच पिन जोडा. कन्सोलला लावण्याआधी मीटरचा लाल प्रोब पिनेच्या आत आणि काळा बाहेरच्या कडेला टेकवा. पहिल्या मेगा ड्राइव्हसाठी मीटरवर उणे 9 दिसलं पाहिजे. उणे चिन्ह दिसलं नाही, तर पिन उलटी जोडलेली आहे.