खुलासा : कला-वाणिज्यच्या मुलांना आयआयटी मद्रासचा बीएस बंद नाही

'बारावीला सायन्स आणि आधीपासून कोडिंग येत असेल तरच आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीला (डेटा सायन्स) प्रवेश', असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

संस्थेच्या प्रवेशाच्या अटी मी स्वतः वाचल्या. बारावी कुठल्याही शाखेची चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा.

कोडिंगचं म्हणाल, तर पायाभूत टप्प्यातला 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' हा विषय बघा. तिथे सुरुवातीला प्रोग्रामिंगची भाषाच नाही. मुलांच्या गुणांची, दुकानाच्या बिलांची कार्डं असतात. सर्वांत जास्त गुण कुणाचे? एकेक कार्ड उचलायचं, आतापर्यंतचा मोठा आकडा लिहून ठेवायचा, पुढचा त्याहून मोठा निघाला की बदलायचा. हाच अल्गोरिदम, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या! वाणिज्यच्या मुलांना तर बिलं जास्तच ओळखीची. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वेगळ्या विषयात, शून्यापासून शिकवतात.

अभ्यास सोपा नाही, गणित-संख्याशास्त्र भरपूर आहे, हेही मुलांना सांगा. पण दार बंद आहे असं सांगू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.