‘दोन वेढे कापा, काम झालं’ म्हणे!

काल रात्री मावसभावाचा मेसेज, "दादा रविवारी तुझा जॅक मिळेल का, ग्राइंडर मी आणतो." आणि खाली तो फॉरवर्ड, ‘गाडी लोअर करायचं गुपित, दुकानदार कधीच सांगणार नाहीत’ (लोअर म्हणजे स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी करणं), पाच मुद्दे आणि आगीच्या इमोजींची रांग. महिन्याभरात हा मला चौथ्यांदा आलाय. आधी तीनदा डिलीट करून मोकळा झालो, पण आता तो ज्या गाडीपर्यंत पोचलाय तिच्या मागच्या सीटवर रोज माझी मावशी बसते, म्हणून बसलो लिहायला.

पहिला मुद्दा जसाच्या तसा: "लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कापलेली स्प्रिंगच. खालचे दोन वेढे कापा. कापायच्या नसतील तर गॅसने तापवा, गाडी आपोआप बसते."

तापवा?? अरे स्प्रिंगचं पोलाद आधी कडक करून मग साधारण ४०० ते ५०० अंशांवर टेंपर केलेलं, म्हणजे पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं, तिची सगळी ताकद त्यातच आहे. तुम्ही गॅसच्या ज्वाळेने ती लालभडक केलीत म्हणजे गेलात ७०० च्या आसपास, तेवढ्या भागाची स्प्रिंग संपली, उरला वाकवलेला गज. मग गाडी बसते खरी, पण किती बसेल आणि कुठल्या बाजूला जास्त बसेल हे तुमच्या हातात नाही, आणि पुढेही ती हळूहळू बसतच राहते.

कापण्याबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग खरंच कडक होते. सहा कामाचे (प्रत्यक्ष दबणारे) वेढे होते, दोन उडवले, तर उरलेली दीडपट कडक. मेसेजमधलं खरं एवढंच. आता बाकीचं. स्प्रिंगचं टोक खालच्या कपात बसेल अशा आकाराचं घडवलेलं असतं, कापलेलं टोक तिथे बसत नाही, एका धारेवर टेकतं, तिथला रंग गेलेला असतो म्हणून गंज धरतो आणि गंजातून तडा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लांबी. शॉकअप उघडतो आधीइतकाच, स्प्रिंग मात्र तोकडी, म्हणजे चाक लटकलं की ती मोकळी. एका मित्राची अशी कापलेली गाडी मी जॅकवर घेतली होती, पुढची स्प्रिंग दोन बोटांनी गोल फिरवली तर वरच्या कपात खडखडत फिरली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टण्ण आवाज यायचा आणि तो म्हणायचा सस्पेन्शनचा लिंक रॉड गेलाय! बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे तर चाक खड्ड्यावरून उचललं की स्प्रिंग जागेवरून निसटून बाहेरही पडू शकते. नीट बनवलेली लोअरिंग स्प्रिंग लांबीने कमी असली तरी चाक पूर्ण लटकल्यावरही थोडी दाबलेली राहील अशी काढलेली असते, पैसे त्याचे असतात.

"कंपनीचेच शॉकअप चालतात." चालतात, म्हणजे गाडी चालते. स्प्रिंग दीडपट कडक झाली की तिला आवरायला शॉकअपचा जोरही वाढावा लागतो, तो तेवढाच राहिला तर ताबा साधारण १८ टक्क्यांनी घटतो, मग एका उंचवट्यावर गाडी दोन-तीनदा डुलते. त्यातच गाडी ३५ मिमी खाली आणली म्हणजे बंप स्टॉपपर्यंतचं (शॉकअप पूर्ण दबला की टेकतो त्या रबरी ठोकळ्यापर्यंतचं) अंतर तेवढंच कमी झालं, आधी ७० होतं तर आता निम्मं. वळणात बंप स्टॉपला टेकलं की ते चाक अचानक दगडासारखं होतं आणि पकड सुटते. म्हणून तर लोअर गाडीसाठी आखूड बॉडीचे शॉकअप वेगळे येतात, बिलस्टाईन या शॉकअप कंपनीत बी६ मूळ उंचीच्या गाडीसाठी आणि बी८ लोअरिंग स्प्रिंगसोबत लावायला. दोन्हीत फरक नसता तर दोन कशाला बनवले असते?

"जितकी खाली तितकी रोडला चिकटते." अर्धं खरं. वजनाचा मध्य खाली येतो, बरोबर. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र उभे बसवलेले, बहुतेक रोजच्या गाड्यांत असतो) तर गाडी बसवल्यावर लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीपेक्षा जास्त खाली घसरतो. वजनाचा मध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर वाढलं म्हणजे गाडीला कलायला उलट जास्त जोर मिळतो. थोडक्यात, एका मर्यादेपलीकडे खाली नेलेली गाडी नुसती आधीइतकीच कलावी म्हणून स्प्रिंग कडक करत बसायचं.

चौथा मुद्दा वाचून हसलो, तो कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची आणि शॉकअपचा कडकपणा (क्लिक-क्लिक करत) बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटचा. "कॉइलओव्हर घेतलात तर ३२ क्लिकवाले घ्या, सगळे पूर्ण कडक, पुढे इंजिन असतं म्हणून पुढे मागच्यापेक्षा जास्त." क्लिक किती यापेक्षा प्रत्येक क्लिकला काही बदलतं का ते विचारा. आणि पुढे-मागेचं म्हणाल तर मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर १९३० मध्ये रोल्स-रॉईसहून जनरल मोटर्सकडे आला, कॅडिलॅकमध्ये त्याने वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी गाडीच बनवून घेतली, माणसं बसवून फिरवली, आणि निघालं काय तर पुढची बाजू मागच्यापेक्षा सावकाश झुलली पाहिजे, म्हणजे वजनाच्या मानाने मऊ हवी. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची बाजू जरा जलद झुलली की ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट राहते. उलटं केलं की सीसॉ. ट्रॅकवाले बऱ्याचदा उलटं करतात, पण त्यांच्या मागच्या सीटवर कोणाची मावशी नसते.

पाचवा, "अलाइनमेंट नंतर सावकाश करा." नंतर म्हणजे टायर आतल्या कडेने झिजून तारा दिसल्यावर का? उंची बदलली की टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो, स्प्रिंग जरा बसल्या की लगेच करा. हेडलाइटची उंचीही.

आणि भावा, तुझ्यासाठी वेगळं. बाहेरून गाडी बघून खाली किती जागा आहे ते कळणार नाही. जॅक घेऊन जा, ग्राइंडर घरीच ठेव, शॉकअपचं रबरी बूट वर सरकव आणि रॉडवर एक झिप टाय घट्ट पण सरकेल अशी बांधून पार खाली, शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेव. मग आठवडाभर नेहमीसारखी चालव, मावशीसकट. झिप टाय आत्ताच, मूळ उंचीलाच, बंप स्टॉपजवळ सापडली तर आखूड शॉकअपशिवाय ३० मिमीसुद्धा विसर. खाली बरीच जागा उरली असेल तर फोन कर, मग एकाच कंपनीचा स्प्रिंग-शॉकअपचा जोडीने बनवलेला सेट शोधू.