एसी घेतलात? आता भिंत फोडा

एसी घेणं फार सोपं असतं हो, दुकानात गारेगार हवेत बसवतात, कोल्ड्रिंक देतात, ईएमआयचा कागद पुढे सरकवतात, सही केली की विषय संपला. तो कुठल्या वायरीवर चालणार हे तिथे कोणी विचारत नाही. वायरमनही विचारत नाही म्हणा, तो नुसता बोर्ड उघडतो, आत टॉर्च मारतो आणि "च्च" करतो.

आमची बिल्डिंग डोंबिवलीतली, १९८४ची. तेव्हा घरात विजेवर चालणारं म्हणजे ट्यूब, पंखे, मिक्सर आणि बरं चाललं असेल तर फ्रिज. त्या हिशेबाने भिंतीत दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, तीही अ‍ॅल्युमिनियमची. आणि दीड टनाचा एसी जोरात चालला की दीडएक किलोवॅट ओढतो, म्हणजे वीसेक पंखे एकाच प्लगवर. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट हे दहावीत पाठ केलं होतं, त्याचे मार्कही मिळाले, पण हे आपल्या बेडरूमच्या भिंतीबद्दल चाललंय असं तेव्हा कोणी बोललं नाही.

मग वायरमनने मेनचा किटकॅट फ्यूज, तो जुना चिनी मातीचा, उपसला. फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी चांगली जाडजूड तांब्याची वायर पिळलेली.

"हे कोणी केलं?"

"ह्यांनी," आई अभिमानाने म्हणाली. "तेव्हापासून एकदाही उडाला नाही फ्यूज."

वायरमनने बाबांच्या फोटोकडे एकदा बघितलं. "उडणार कसा काकू, आता तुमची भिंतच फ्यूज आहे."

पुढे यादी निघाली. मेन बोर्डापासून बेडरूमपर्यंत चारची तांब्याची वेगळी लाईन, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा वीस अँपिअरचा एमसीबी, शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, आणि अर्थिंग, कारण आमच्या सगळ्या थ्रीपिनच्या वरच्या भोकात काहीच नव्हतं, ते इतकी वर्षं शोभेला होतं. शिवाय बिलावरचा मंजूर भार, म्हणजे आपल्याला किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, वाढवायचा अर्ज वेगळा. (बिलावर असं काही छापलेलं असतं हे मी प्रथमच वाचलं, आपण फक्त शेवटची रक्कम बघून ओरडतो.)

समोरचे काका म्हणाले, "कशाला एवढा खर्च, आमचा फ्रिजच्याच पॉइंटवर चालतो की." बघायला गेलो तर प्लगची पिन काळी पडलेली आणि सॉकेट पिवळं. जळका वास येतो तो उदबत्तीचा, असं काकूंचं मत.

भिंतीवरूनच प्लॅस्टिकच्या पट्टीतून वायर नेऊ, स्वस्तात होईल, असं वायरमन म्हणत होता, पण बायकोला भिंतीवर पट्ट्या दिसायला नकोत, म्हणून भिंत खोदून वायर आत टाकायला झिरी मारायची ठरली. झिरी हा शब्द ऐकायला किती नाजूक वाटतो! प्रत्यक्षात कटर सुरू झाला आणि शेजारचं बाळ, खालच्यांचा कुत्रा आणि आमची आई एकदमच ओरडायला लागले, धूळ तर पोह्यात, कपाटात, बंद डब्यातल्या रव्यातसुद्धा. एसी बिचारा हॉलमध्ये खोक्यातच, त्याच्यावर आई पेपर पसरून शेंगा सोलायची.

अखेर लाईन पडली, प्लॅस्टर झालं, नवंकोरं सॉकेट चमकायला लागलं. कंपनीचा माणूस आला, ड्रिल काढलं, वर बघितलं आणि थांबला. "सर, पॉइंट उजवीकडे का काढला? ह्याची वायर डावीकडून येते, पोचणार नाही. आणि एक्स्टेन्शन लावायचं नाही हां, वॉरंटी जाईल."

वायरमनला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग एसीच उजवीकडे सरकवा ना, साहेब."

"उजवीकडे खिडकी आहे हो!"

"हां," तो म्हणाला, "मग गवंड्याचा नंबर देतो."